'ह'वरची जपानी गाणी

फुलसावंगीचं लग्न आटोपून परतताना बसमध्ये बायका विरुद्ध पुरुष अंताक्षरी रंगली. हरणाऱ्यांनी घरी भांडी घासायची, असं ठरलं. बायका दर वेळी 'ह'च देत होत्या. आमची गाणी संपली.

तेव्हा मागच्या सीटवरचा टोपीवाला उठला. पोट सावरून, डोळे मिटून त्यानं 'ह'वरचं जपानी गाणं म्हटलं. मग दुसरं, तिसरं.

"हे कायचं जपानी जी?" माझी बायको ओरडली.

"चुकलं असन तं दुरुस्त करा," तो शांतपणे म्हणाला.

ढाणकीला तो उतरायला लागला. मी विचारलं, "तुम्ही नवरदेवाचे कोण?"

"कोणीच नाही. एसटी भेटली नाही, मंग तुमच्या गाडीले हात दाखवला."

दार लागताच बायकांनी पुन्हा 'ह' दिला.

घरी कढया घासताना आम्ही सगळे पुरुष जपानीत गात होतो.