दौलत पांचाळाचा ज्ञ

दौलत पांचाळाला रागवायला एरवी कारण लागत नसे. १८९४ साली मात्र त्याला कारण मिळालं, आणि तेही इंग्रजीतून.

गिरगावात छपाईचे खिळे पाडायच्या कारखान्यात तो पोलादावर अक्षरं कोरत असे. उलटी, आरशात दिसावीत तशी. तो ठसा तांब्यावर ठोकायचा, उठलेल्या खळग्यात शिसं ओतायचं, की एका 'क'चे हजार 'क'. सगळी वर्णमाला झाली होती, 'ज्ञ' तेवढा उरला होता. अशात, काम पाहून गेलेल्या एका गोऱ्या साहेबाचं पत्र आलं. कारकून धोंडोपंतांनी ते सगळ्यांसमोर मराठी करून वाचलं.

"साहेब लिहितात, दौलत म्हणजे एक नमुना आहे."

अख्खा कारखाना हसला. दौलतने छिन्न्या फडक्यात बांधल्या आणि घर गाठलं.

"पुन्हा त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही," तो बायकोला म्हणाला.

"साहेबाला एका दिवसात कळलं होय?" पुतळाबाई भाकरी थापत म्हणाली. "मला दोन वर्षं लागली."

तीन दिवस तो धुमसत होता. शेवटी चाळीतले शरच्चंद्र मास्तर कारखान्यात जाऊन मूळ पत्रच वाचून आले.

"अहो दौलतराव, शब्द आहे 'आर्किटायपल'. ग्रीकांकडून आलाय. पहिला तुकडा म्हणजे आद्य. दुसरा म्हणजे ठोका, ठोक्याने उठलेला ठसा. ज्यावरून बाकीचे पाडायचे तो पहिला नमुना. साहेब म्हणतो, कारागीर असावा तर असा."

दौलतने फडक्यात बांधलेल्या छिन्न्या उचलल्या. मास्तरांना वाटलं, निवळला.

"म्हणजे पंतांनी 'पहिला' गिळला," असं म्हणून तो उठला आणि तडक कारखान्यात गेला.

"पंत, पत्र पुन्हा वाचा. सगळ्यांसमोर."

"एक शब्द तर राहिला रे. त्याला एवढा राग?"

"माझी एक रेघ राहिली असती तर 'ष'चे हजार 'प' पडले असते. तेव्हा काय म्हणाला असतात?"

धोंडोपंतांनी चष्मा पुसला आणि वाचलं, "आद्य नमुना." या खेपेला कोणी हसलं नाही.

दौलत 'ज्ञ' कोरायला बसला. राग काही उतरला नव्हता, त्यामुळे अक्षर जाड उतरलं.

"हा जरा फुगलाय," पंत जपून म्हणाले. "पुन्हा कोरतोस?"

"आद्य आहे तो," दौलत म्हणाला. "बाकीच्यांनी त्याच्यासारखं व्हायचं."

पुढे त्या कारखान्याच्या खिळ्यांवर छापलेल्या प्रत्येक पुस्तकात 'ज्ञ' गाल फुगवूनच बसलेला असे.