चुनीचे कान

बापू वेल्डर. मी फिटर. एकाच कारखान्यात आमचा जन्म गेला. त्याच्या हातचा जोड कुणी तपासायला जायचं नाही, तरी तो स्वतः हातोडा मारून बघायचा. कुणी "चालतंय की" म्हणालं, की विचारायचा, "कधीपर्यंत?" एवढ्यावरून माणूस कळावा.

निवृत्तीनंतर त्यानं घरामागच्या पत्र्याच्या खोलीत छोटं वर्कशॉप टाकलं. गेट, खिडकीच्या जाळ्या, मोडक्या खुर्च्यांचे पाय. मी सकाळी जायचो आणि घासकाम करायचो. रिकामं बसून हात गंजतात.

चुनी त्या खोलीत आणि तिच्या उन्हातल्या पत्र्यावर वाढली. चुन्यात बुडवून काढावी तशी पांढरी मांजर, म्हणून चुनी. बापूला मूलबाळ नव्हतं. वहिनी म्हणायची, "या वयात सवत आणली, तीही शेपटीवाली." पण खाटकाकडून तिच्यासाठी कलेजी आणायची ती वहिनीच.

एका उन्हाळ्यात चुनीच्या डाव्या कानाच्या टोकाला खपली दिसली. बापूनं कान चिमटीत धरला, उजेडाकडे केला.

"ठिणगी," तो म्हणाला.

"ठिणगीच," मी म्हणालो.

आमच्या दोघांच्या मनगटांवर, मानेवर ठिणग्यांचे डाग आहेत. वेल्डरच्या खोलीतल्या मांजराच्या कानाला दुसरं काय होणार? आम्ही भाजल्यावर जे मलम लावायचो तेच बापूनं तिला लावलं. ती पंज्यानं पुसायची, पंजा चाटायची. खपली पडायची, रक्त यायचं, पुन्हा धरायची.

बापूनं दोष स्वतःवर घेतला आणि लगेच कामाला लागला. कामाच्या जागेभोवती जाड पडदा लावला. त्यानं समाधान होईना, तेव्हा खिडकीबाहेर चुनीसाठी फळी केली. खाली लोखंडी टेकू, फळीच्या कडा बोटाला लागू नयेत इतक्या घासलेल्या, वर गोणपाट. टेकू मीच धरले होते.

"इथं ठिणगी पोचत नाही," बापू म्हणाला. "स्वच्छ ऊन, मोकळी हवा. भरेल जखम."

चुनीला फळी लगेच मानवली. भर दुपारी ती तिथं पाय ताणून पडायची. काम उत्तम झालं होतं. कान मात्र भरला नाही. उंदरानं कुरतडावी तशी कड झिजत गेली, आणि उजव्या कानालाही लाली धरली. तरी बापू म्हणे, पडदा अजून उंच करू.

शेवटी वहिनीनं चुनीला टोपलीत घातलं आणि वरून टॉवेल बांधला. "तुम्ही दोघं लोखंडाचे डॉक्टर. आता जरा कातडीच्या डॉक्टरकडे चला."

दवाखान्यात बाकावर एक बाई म्हातारी कुत्री घेऊन बसली होती. कुत्रीच्या पोटाला पट्टी होती.

"काय झालंय हिला?" वहिनीनं विचारलं.

"स्तनात गाठी. काढल्या कालच. मला वाटलं दूध साकळलंय. पिल्लं कुठं होती, पण वाटलं खरं."

"आम्हालाही ठिणगी वाटली," वहिनी म्हणाली आणि आमच्याकडे बघितलं. आम्ही भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हात सावकाश चालणारे. त्यांनी दोन्ही कान बघितले, नाक बघितलं, जबड्याखाली दाबून बघितलं. मलमाचं ऐकल्यावर म्हणाल्या, "माणसाचं मलम मांजराला नको, काका. ती चाटते, पोटात जातं." मग कानाचा एक कण आणि जबड्याखाली हाताला लागलेल्या गाठीतलं थोडं पाणी तपासायला पाठवलं.

काही दिवसांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. गाठीतल्या पाण्यात वाईट काही निघालं नव्हतं. कानाच्या कणात निघालं.

"कॅन्सर आहे. कातडीचा."

बापूनं खुर्चीचा हात धरला. "ठिणग्यांनी?"

"नाही. उन्हानं. पांढऱ्या मांजराच्या कानावर केस विरळ, आणि कातडीत रंग नाही. ऊन थेट आत उतरतं. वर्षानुवर्षं उतरत राहिलं की पेशी बिघडतात, मग वाढायचं थांबतच नाहीत."

बापू म्हणाला, "मी तिला उन्हातच फळी करून दिली."

"दुखणं फळीच्या आधीचं आहे," बाई म्हणाल्या. "फळीनं भर घातली असेल. खोटं कशाला सांगू? पण सुरुवात तिनं नाही केली."

वहिनीला राहवेना. "बाहेर त्या दिवशी एक कुत्री होती. तिलाही हेच ना? ती काय उन्हात बसायची?"

"तो निराळा कॅन्सर, काकू. नाव एक, रोग अनेक. कुत्रीची नसबंदी लहान वयात केली, तर स्तनाच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना हाडाचा होतो. लोक म्हणतात, वयानं लंगडतोय. मांजरांना रक्ताचा आणि गाठींचा होतो, त्यात कधी एका विषाणूचा हात असतो. आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. तुमच्याकडे निदान सापडलंय."

"आता पुढं?" मी विचारलं.

"दोन्ही कान काढायचे. जवळजवळ मुळापासून."

"कान?" बापू उठलाच. "बिघडलेली कड काढा की. चांगला कान कशाला कापता? म्हातारी आहे ती. भुलीत गेली तर?"

"भुलीचा धोका आहे. रक्त तपासूनच देऊ. पण नुसती कड काढली तर परत येईल. डोळ्याला दिसतं त्याच्या पुढं ते गेलेलं असतं."

"दिसतं त्याच्या पुढं?"

"हो."

बापूनं माझ्याकडे बघितलं. "भेगेसारखं."

मी मान हलवली. ओतीव लोखंडाला भेग गेली, की नवखा माणूस दिसते तेवढीच भरतो. वरून छान दिसतं. आठवड्यात शेजारून पुन्हा फाटतं. भेग निघून निखळ धातू लागेपर्यंत घासावं लागतं, चांगला भाग गेला तरी. या एका आळसावरून बापूनं कारखान्यात किती जणांना झाडलं असेल, सांगता येत नाही.

तो परत बसला. "मग कंजूषी करू नका, बाई. चांगल्यातून कापा."

त्याच संध्याकाळी त्यानं फळी उतरवली. मदतीला मला हाक मारली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी तो दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. चहा आणला तो निवला. चुनी घरी आली ती गळ्यात मोठी गोल कॉलर आणि डोक्यावर टाक्यांच्या दोन ओळी घेऊन. बापूनं टाके बघितले. "एकसारखे घातलेत," एवढंच म्हणाला.

ती खाटेखाली शिरली ती बाहेर येईना. खाईना. बापू फरशीवर पालथा पडून तिच्याकडे बघत राहिला.

"उठा, कंबर धरेल," वहिनी म्हणाली.

"धरू दे."

"कान तिचे गेलेत, ऐकू मात्र तुम्हाला येत नाही." तिनं कलेजी कोमट करून आणली आणि स्वतः शेजारी फरशीवर बसली. वहिनीनं तुकडा बोटावर धरून हात खाटेखाली घातला. कॉलर फरशीवर खरडत पुढं आली. चुनीनं आधी तुकडा खाल्ला, मग बोट चाटलं. वहिनीनं पदर डोळ्याला लावला आणि बापूवर ओरडली, "आता तरी उठा!"

काढलेल्या कानांचा रिपोर्ट टाके काढायच्या दिवशी मिळाला. कडा स्वच्छ होत्या, रोग तिथवर पोचला नव्हता.

"कडेला चांगला भाग किती सुटलाय?" बापूनं विचारलं.

बाईंनी कागदावर बोट ठेवून दाखवलं.

"पुरेल?"

"पुरेल. पण नाक आणि पापण्याही गुलाबीच आहेत तिच्या. दुपारचं ऊन बंद. रोज बघत जा. खपली दिसली की मलम नाही, सरळ इथं."

आता दुपारी खिडकी बंद असते. चुनी दाराशी बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा शंख करते. डोकं वाटोळं झाल्यानं दुरून ती मुंगसासारखी दिसते, हे बापूसमोर म्हणायची सोय नाही. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तो तिला मांडीत दाबतो, चष्मा लावतो, दिवा जवळ ओढतो. नाकाची कड बघतो, मग एक पापणी. घाई करत नाही. ती चावते. तो दुसरी पापणी बघतो.