आवाज स्वच्छ आहे ना?

शहरात सभा कोणाचीही असो, आवाज भोंगेवाल्याचा. हातगाडीवर दोन कर्णे, अँप्लिफायर आणि वायरींची भेंडोळी टाकून तो सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर असायचा. कोण बोलणार आहे हे तो विचारतही नसे.

"मी कोणाच्याच बाजूचा नाही. मी वायरीच्या बाजूचा," तो म्हणायचा.

त्याचा थोरला भाऊ बाजारात बेकरी चालवायचा. सगळे त्याला दादाच म्हणत. तो हसून विचारायचा, "म्हणजे उद्या गाढव ओरडलं तरी तू चौकभर ऐकवणार?"

"गाढवाने आधी कळवलं पाहिजे."

साहेब तेव्हा साहेब नव्हते. भाजीबाजारात फळांच्या रिकाम्या खोक्यावर उभा राहिलेला एक किडकिडीत माणूस, एवढंच. समोर पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी सावली आहे म्हणून थांबलेली. आवाज पातळ, वाक्याच्या शेवटी चिरकणारा. भोंगेवाल्याला त्याची दया आली. त्याने त्याला माईकपासून हातभर मागे सरकवलं, खर्जाचं बटण फिरवलं, थोडा घुमारा दिला, आणि तोच आवाज बेंबीच्या देठापासून आल्यासारखा वाटू लागला. बोलणारा स्वतःच दचकला. सभा संपल्यावर तो खोक्यावरून उतरला आणि सरळ भोंगेवाल्याकडे आला.

"जेवलास का रे?"

आजवर एकाही पुढाऱ्याने त्याला हे विचारलं नव्हतं. भोंगेवाला तिथेच विरघळला.

असाच प्रश्न साहेब सगळ्यांना विचारायचे. हमालाला पाठीचं दुखणं, विधवेला मुलाची नोकरी. नावं लक्षात ठेवायचे. मग खोक्यावर चढून म्हणायचे, "तुमचे हे हाल कोणामुळे आहेत, मला माहीत आहे," आणि नदीपलीकडच्या वस्तीकडे बोट दाखवायचे. वस्तीतल्या माणसांनी कोणाचं काय वाकडं केलं होतं, हे कोणालाच सांगता आलं नसतं. पण बोट दाखवलं की मान तिकडे वळतेच. खोक्याचं व्यासपीठ झालं, दोन कर्ण्यांचे वीस झाले. एका संध्याकाळी वस्तीतली दुकानं जळाली. शहर हळहळलं आणि जेवायला बसलं.

निवडणुकीत साहेबांच्या विरोधात मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई उभ्या राहिल्या. भोंगेवाल्याची मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. बाईंची शेवटची सभा मोठी होणार, अशी हवा होती. आदल्या दिवशी काळा चष्मा लावलेला एक माणूस भोंगेवाल्याच्या दुकानात आला. स्टूल ओढून बसला, वायर हातात घेऊन बघत राहिला.

"जुनी झाली की तुटते, नाही का?"

"माझी वायर तुटत नाही."

"असं कसं? सगळंच तुटतं." तो उठला. "मुलगी शिवणाच्या कारखान्यात जाते ना? संध्याकाळी एकटीच येते. हल्ली दिवस बरे नाहीत."

सभेत बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि भोंगेवाल्याने फ्यूज काढून मुठीत धरला. मैदान तुडुंब भरलेलं. बाई घसा फोडून बोलत होत्या, पण तिसऱ्या रांगेपलीकडे नुसते ओठ हलताना दिसत होते. मागून कोणीतरी "आवाज!" म्हणून ओरडलं. कोणी शिट्टी मारली. लोक हसले, कंटाळले, पांगले. बाई खाली उतरल्या तेव्हा तो खोटं खोटं वायरी चाचपत होता.

"होतं असं," त्या बसलेल्या घशाने म्हणाल्या. "यंत्रच ते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

साहेब निवडून आले. काही दिवसांतच बाईंच्या दाराला बाहेरून कुलूप दिसलं. त्यांना कुठे नेलं, हे विचारायला कोणी गेलं नाही. भोंगेवालाही गेला नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो, असं म्हणतात. इथे म्हातारीचंही दुःख कोणी केलं नाही आणि काळ तर केव्हाचाच सोकावला होता.

मग सभेला परवानगी लागू लागली, आणि परवानगी मिळेनाशी झाली. भोंगेवाल्याचं दुकान ओस पडलं. तेव्हा सरकारातून बोलावणं आलं. चौकाचौकात खांबावर कर्णे लावायचे, सकाळ-संध्याकाळ साहेबांचं भाषण. बंद करायचं बटण मात्र कुठेच नको. त्याने ते काम केलं. पुढच्या वर्षी प्रत्येक कर्ण्याखाली एक छोटा डबा बसवायचा हुकूम आला. त्याने डबा उघडून पाहिला. आत माईक होता.

"लोकांची गाऱ्हाणी थेट साहेबांच्या कानावर जावीत म्हणून," अधिकारी म्हणाला. "ही गोष्ट तुझ्या-माझ्यात. बाहेर फुटली, तर कोणी फोडली ते शोधावं लागणार नाही."

घरी त्याने बायकोला नळ सोडून, कानाशी लागून सांगितलं.

"तुम्ही नाही बसवले तर दुसरा बसवेल," ती म्हणाली. "आणि मग आपण कुठे असू?"

त्याने डबे बसवले. एक खांब तर बेकरीच्या दारातच होता. दादाला सांगायचं म्हणून तो तीनदा बेकरीत गेला, आणि तिन्ही वेळा पाव घेऊन परत आला. दादाच्या तोंडात तीळ भिजत नसे. आज त्याला सांगावं तर दुपारपर्यंत बाजारभर होणार, आणि मग माग काढत यायला घर एकच. "जरा जपून बोलत जा," एवढंच तो कसंबसं म्हणाला.

"मी काय बोलतो? माझा पाव बोलतो," दादा म्हणाला.

पिठाची टंचाई झाली तेव्हा पावासाठी रांग लागायची. एका सकाळी रांगेला हसवायला दादा मोठ्याने म्हणाला, "पूर्वी पिठात भेसळ व्हायची. आता पीठच नाही, तर भेसळ कशात करणार? साहेबांनी भ्रष्टाचार मुळासकट उपटला बघा!"

रांग हसली. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली नाही.

वहिनी धावत भोंगेवाल्याकडे आल्या. पायात चपलाही नव्हत्या. "भावजी, तुमचं तिथे जाणं-येणं आहे. एक शब्द टाका ना. नुसता विनोद होता हो."

तो गेला. अधिकाऱ्याने त्याला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. भोंगेवाल्याने तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "बरं झालं आलास. एक ऐकायचं होतं," आणि त्याने यंत्र सुरू केलं.

दादाचा आवाज. मागे रांगेतलं हसणं, कोणाचा तरी खोकला, पावाच्या ट्रेचा खडखडाट. वाक्य संपलं. अधिकारी त्याच्याकडे एकटक बघत होता.

"आवाज स्वच्छ आहे ना?"

भाऊ आहे माझा, असं म्हणायला भोंगेवाला आला होता. अधिकाऱ्याला ते माहीत होतं, आणि त्याला ते माहीत आहे हे भोंगेवाल्याला दिसत होतं.

"हो," तो म्हणाला. "स्वच्छ आहे."

"शाबास. चहा घे."

त्याने चहा घेतला. पुढे कित्येकदा त्याला सर्वांत जास्त ओशाळवाणं वाटलं ते याचंच, की तो चहा त्याने संपवला.

घरी येऊन त्याने वहिनींना सांगितलं, "बोललो मी. बघतो म्हणाले." दादा परत आला नाही. त्याचं काही कळलंही नाही. बेकरीला सरकारी टाळं लागलं, तेव्हा वहिनी त्याच्याच घरी राहायला आल्या. त्या वेळी-अवेळी म्हणायच्या, "तुम्ही आहात म्हणून आधार आहे, भावजी. दुसऱ्या कोणासाठी तिथे कोणी फिरकलंसुद्धा नसतं." तो ताटातून मान वर करायचा नाही. बायको उठून नळ सोडायची, पण नळ वाहत असतानाही घरात कोणी काही बोलायचं नाही.

पुढच्या हिवाळ्यात इमारतींच्या जिन्यांतही डबे बसवायचा हुकूम आला. त्याची स्वतःची इमारत त्यात होतीच. जिना अरुंद, शिडी डुगडुगत होती. वहिनी भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "पडाल."

त्याने खिळा भिंतीला लावला आणि हातोडा उचलला.