बेंदराच्या रंगातली पाखरं

लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. विट्याकडचे पुरुष सोनं गाळायला देशभर पांगलेले, तसे आमचे हेही मद्रासच्या बाजूला एका गलाईच्या दुकानात होते. लग्न झालं आणि आठवड्यात परत गेले. जाताना म्हणाले, "दिवाळीला येतो. खोली मिळाली तर तुला न्हेतो. पर आधीच सांगतो, तिथं कावळ्याबिगर पाखरू दिसायचं न्हाई."

यांना पाखरांचं भारी वेड. त्या आठवड्यात माझ्याशी बोलले कमी आणि तारेवरचे वेडे राघू दाखवले जास्त. मला तेव्हा राग आला होता. पण नंतर त्याच गोष्टीवर जीव जडला.

दिवाळी जवळ आली तशी मी ठरवलं, तिथं पाखरं नाहीत ना, मग आपण इथली घेऊन जाऊ. बेंदराला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या रंगाचे डबे गोठ्यात पडून होते. वरची साय फोडली की आत रंग ओला. बाभळीच्या काट्याचं टोक त्यात बुडवून मी नखं रंगवायला बसले. अंगठ्यावर भारद्वाज, कारण त्याचं दर्शन शुभ. शेजारी खंड्या, तो माझ्या माहेरचा, सांगलीच्या घाटावरचा. मग वेडा राघू, साळुंकी. करंगळीवर चिमणीच मावली. डावा हात झकास जमला. उजव्या हाताची नखं डाव्या हातानं काढावी लागली, त्यात होल्याची पार कोंबडी झाली.

आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, ते बघितलं आणि म्हणाल्या, "बैलांचं झालं, आता सुनंचा बेंदूर!" पण हसत म्हणाल्या.

हे आले तेव्हा सोप्यात पाव्हणे बसले होते. मी चहा घेऊन गेले. सगळी पाखरं दिसावीत म्हणून दोन्ही हातांनी कप पुढे केला. यांनी पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग मांडीवरच्या टॉवेलाखालचे हात बाहेर न काढताच म्हणाले, "ठेव खाली."

माझं तोंड उतरलं. वाटलं, यांना हे सोंग आवडलं नाही. चार माणसांत विचारायची सोय नव्हती आणि एकांतात बोलायची मला लाज. निघायच्या सकाळी कसंबसं विचारलं, "खोलीचं काय?"

"न्हाई मिळाली," म्हणाले आणि पिशवी उचलली.

एस.टी. गेल्यावर मी रॉकेलचं बोळकं घेतलं आणि नखं खसाखसा घासली. रंग गेला, राग काही गेला नाही. पुन्हा त्या काट्याला हात लावला नाही. यांनीही नेण्याचा विषय परत काढला नाही. पुढं सगळा संसार दिवाळी ते दिवाळी असाच झाला. मुलांना बाप म्हणजे फराळासारखा, वर्षातून एकदा.

हे वारले त्या वर्षी आत्तींनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, "खोली मिळाली व्हती गं, दुकानाच्याच माळ्यावर. पर तुझी नखं बघितली आन् मला म्हणला, आई, तेजाबाच्या धुरात ह्या बोटांची वाट लागंल. माझी बघ कशी झालीत. तिला हितंच ऱ्हाऊ दे."

यांची नखं मला ठाऊक होती. पिवळी, उकललेली, कडा ॲसिडनं खाल्लेल्या. दर दिवाळीला बघत होते. पण त्या टॉवेलाखाली काय झाकलं होतं, हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही. आणि मी ती पाखरं त्यांनी मला न्यावं म्हणूनच काढली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

जपून ठेवलेल्या या बोटांनी मी तेवढी वर्षं शाळू उपटला, शेण्या थापल्या, गुरांचं वैरणपाणी केलं. नखं फुटली, पुन्हा आली, पुन्हा फुटली. मला एकदा विचारायला हवं होतं त्यांनी. मी म्हटलं असतं, "आवं, नखांचं काय घिऊन बसलाय? ती परत येत्यात."