तीनशे एकोणपन्नास म्हणजे तीनशे

ऑगस्टमधला शेवटचा रविवार, सकाळची वेळ. बेरीज होती ३९८ अधिक २०३. हजर तिघं: मी, माझी बायको आणि तिसरीत शिकणारी आमची मुलगी. जागा मरोद्यातल्या आमच्या घराची पुढची खोली.

प्रश्नात लिहिलं होतं, की दोन्ही संख्या जवळच्या शंभरात करून अंदाजे उत्तर लिहा. मुलीने लगेच सहाशे लिहिलं. मी तिला ते खोडायला लावलं आणि आधी खरी बेरीज करायला सांगितली. तिने हातचे घेऊन केली. सहाशे एक आले.

"आता याचे जवळचे शंभर कर."

"सहाशे. पर बाबा, सहाशे तर मी पहिलेच लिहिले होते."

"तवा ते बरोबर हाये हे तुले माहीत नव्हतं."

हे मला तेव्हा पटत होतं आणि आजही बरंचसं पटतं. मी चरोद्याच्या बाजूला भंगाराच्या एका यार्डात धरमकाट्यावर बसतो. भरलेला ट्रक तोलायचा, माल उतरला की रिकामा तोलायचा, एकातून दुसरं वजा करायचं. अंदाजाने बोलणारा माणूस या कामात टिकत नाही. संध्याकाळी मुलीचं गणित घेणं माझ्याकडे होतं आणि ते मी कधी चुकवलं नाही. इकडचा मुलूख हिंदी, त्यामुळे शाळेत आणि गल्लीत ती हिंदीच बोलते. या तासापुरते तरी तिच्या तोंडून एकोणसाठ, एकोणसत्तर असे मराठी आकडे निघायचे.

पुढे दोन आठवडे ती माझ्या पद्धतीने करत राहिली. मग शाळेत चाचणी झाली. पेपर घरी आला तेव्हा दहातले चार प्रश्न सोडवलेले होते. चारही बरोबर. बाकी कागद कोरा. खाली मॅडमचा शेरा होता, की मुलगी फार हळू आहे.

"येत नव्हतं का?" बायकोने विचारलं.

"येत होतं ना. पहिले खरंवालं केलं, फिर अंदाजवालं. तेवढ्यात घंटी झाली." मग माझ्याकडे न बघता ती आईला म्हणाली, "मम्मी, मले मागच्या लाइनवाल्या आंटीकडे ट्यूशन लावून दे ना. माझ्या क्लासचे तिघं जातात."

आंटी म्हणजे घरांच्या मागच्या रांगेत राहणाऱ्या एक बाई. त्या दुपारी व्हरांड्यात मुलं घेऊन बसतात. मी म्हटलं, घरात हिशेबाचा माणूस असताना बाहेर ट्यूशन कशाला?

"तुमच्याच हिशेबानं कोरा राहिला ना पेपर," बायको म्हणाली. "कावून तिच्या मागं लागून राहिले तुमी? मॅडम अंदाज मागते, तर अंदाज द्या."

"अंदाजाची सवय लागली का खरं करायचं राहून जाते."

"अन् तुमचा काटा? तो तर दहा-दहा किलोच दाखवते म्हणता ना? मग ट्रकवाल्याले कधी म्हटलं का, थांब बापू, मधले तीन किलो शोधून देतो?"

"त्या काट्याले तेवढंच दिसते."

"पोरीलेही तेवढंच पाहाले सांगितलं हाये."

मुलगी हसली. मी एक रविवार मागून घेतला. या वेळी फक्त अंदाजच शिकवीन, असं कबूल केलं. नाही जमलं तर ट्यूशन.

त्या रविवारी मी स्वतः आठ बेरजा काढून दिल्या आणि तिला सांगितलं, की खरी बेरीज अजिबात करायची नाही. ती भराभर लिहीत गेली. ३४९ अधिक २४९ ला तिने पाचशे लिहिले.

"पाचशे कसे?"

"तीनशे एकोणपन्नास म्हणजे तीनशे. दोनशे एकोणपन्नास म्हणजे दोनशे."

रीतीप्रमाणे बरोबर होतं. पण खरी बेरीज पाचशे अठ्ठ्याण्णव होते. मी म्हटलं, "मग अठ्ठ्याण्णव गेले कुठं?"

"जाऊ द्या ना बाबा. मॅम बोली, चलता है."

आठही उत्तरं तिने चहा निवायच्या आत संपवली. तपासायला वही माझ्याकडे दिली आणि पाणी प्यायला आत गेली. मी एकेक उत्तर पाहिलं. सगळी बरोबर होती. तरी हातात पेन्सिल होती, म्हणून प्रत्येक उत्तराच्या बाजूला समासात खरी बेरीज बारीक अक्षरात लिहून ठेवली. चूक दाखवायला नव्हे, नुसती नोंद म्हणून. मग दाराशी कोणी आलं आणि मी उठलो.

परत आलो तेव्हा ती वहीवर वाकली होती. तिने आपली आठही उत्तरं रबराने खोडली होती आणि त्या जागी समासातले माझे आकडे उतरवून घेत होती. पाचशेच्या जागी पाचशे अठ्ठ्याण्णव. खोडताना एका ठिकाणी कागद फाटला होता.

"हे कावून खोडलं? बरोबर होतं ना तुझं."

"तुमी बाजूला दुसरं लिहिलं ना," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला नव्हता. उरलेले दोन आकडे उतरवायला तिने पुन्हा मान खाली घातली.

मी तिला थांबवलं. वही मिटून तिच्या दप्तरात ठेवली, चपला घातल्या आणि तिला घेऊन मागच्या रांगेत गेलो. बाई ओसरी झाडत होत्या. त्यांना सांगितलं, की गणित येतं हिला, फक्त वेळेत संपवायला शिकवा.

"घर में कौन पढ़ाता था?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. त्यांना तेवढं मराठी कळलं.

फी महिन्याला सहाशे होती. महीना आधा निकल गया है, आधा ही दे दीजिए, असं त्या म्हणाल्या. सप्टेंबरचे त्या दिवसासकट चौदाच दिवस उरले होते, म्हणजे रोजचे वीस धरून दोनशे ऐंशी होत होते. मी तीनशे रुपये बाईंना दिले.