धाकट्याचा झेंडू

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतची सगळी कॉलेजं पालथी घातली, तरी आमच्या लॅबवाल्या काकांइतका घड्याळाचा वैरी सापडायचा नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. खरं तर मी छातीठोकपणे फारसं काही सांगत नाही. एकदाच सांगितलं होतं, आणि त्याचंच हे सगळं आहे.

काका आमच्या कॉम्प्युटर लॅबचे असिस्टंट. लॅबच्या कोपऱ्यात एक जुनं युनिक्सचं यंत्र होतं, कमरेएवढं उंच, त्यात दोन प्रोसेसर. पंख्यांचा आवाज असा की शेजारी बसून व्हायवा दिली तर सरांना उत्तरं चुकल्याचं कळत नसे. काका त्या दोन प्रोसेसरना थोरला आणि धाकटा म्हणत. सकाळी आल्या आल्या चपला दाराबाहेर काढायचे आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा यंत्राच्या पाठीला हात लावायचे. "आज थोरला जरा गरम आहे, जड प्रोग्रॅम लावू नका रे," हे ते स्क्रीन न बघता सांगत आणि ते बहुतेक खरं निघे. यंत्राच्या स्विचवर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली होती: 'हा दिव्याचा नाही.' खाली बारीक अक्षरात: 'पंख्याचा पण नाही.' दसऱ्याच्या आदल्या दिवशी कॉलेजात पूजा असे, तेव्हा ते यंत्राचं झाकण उघडून आत दोन झेंडू ठेवत. एका मुलाने विचारलं, "काका, यंत्र तर एकच आहे ना, यार?" काका म्हणाले, "एकच ठेवला तर धाकटा रुसेल." त्यांचे वडील गिरणीत दोन माग सांभाळायचे. त्यांनीही कधी एका मागाला फूल घालून दुसऱ्याला उपाशी ठेवलं नव्हतं म्हणे.

घड्याळाशी त्यांचं वैर होतं ते प्रोग्रॅम मोजण्यावरून. कोणी म्हणालं, "काका, चार मिनिटं लागली," की ते उसळत. "घड्याळ किती वेळ गेला ते सांगतं. कुठे गेला ते सांगतं का?" मग मूळचं मालवणी वर यायचं. "बस हय. आधी बघ कोण कोणासाठी थांबलाहा."

मी वाकोल्याचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि पहिली दोन वर्षं मी वर्गात 'येस सर' याच्यापुढे बोललो नाही. काकांना ते दिसलं असावं, कारण बाकीच्यांवर ते ओरडत, मला मात्र हळू आवाजात शिकवत. शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट होता मोठाल्या मजकुरातले शब्द मोजण्याचा. काम अर्धं अर्धं करून मी दोन्ही प्रोसेसरना वाटून दिलं. एकट्या थोरल्यावर नऊ मिनिटं लागायची. दोघांना लावलं तर चौदा! मी तीन दिवस तेच तेच करून बघितलं. धाकटा बंद केला की काम पळायचं, चालू केला की रखडायचं.

"काका, धाकटा खराब झालाय," मी म्हणालो.

काकांनी पाठीला हात लावला, बराच वेळ ठेवला. "तेका काय झाला नाय. त्याला दोष देऊ नको. दोघांच्या मधे तू काय ठेवलंयस ते बघ."

मी मान डोलावली आणि बघितलं नाही. मला वाटलं, काकांची माया बोलतेय.

त्याच आठवड्यात कॉलेजची कमिटी लॅब बघायला येणार होती. जुनं सामान काढून नवे कॉम्प्युटर आणायचे होते. काकांनी यंत्र दोनदा पुसलं. मला म्हणाले, "हे गेलं तर मला परीक्षा विभागात टाकतील. शिक्के मारायला." आणि हसले.

कमिटीतल्या एका साहेबांनी यंत्राकडे बोट दाखवून विचारलं, "याचा मुलांना उपयोग होतो का?" आणि आमच्या प्रोजेक्टच्या मॅडमनी मला पुढे केलं. इतक्या मोठ्या माणसाने माझं मत कधी विचारलं नव्हतं. मी वहीतला आलेख उघडला. नऊ मिनिटं, चौदा मिनिटं. "सर, दुसरा प्रोसेसर खराब आहे. दोन असून एकापेक्षा हळू चालतं." आवाज अजिबात कापला नाही. साहेब म्हणाले, "व्हेरी क्लिअर." काका दाराशी उभे होते.

टेम्पो यंत्र घेऊन गेला. चार दिवसांनी मी घरी लॅपटॉपवर प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहिताना माझाच प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला, तेव्हा दिसलं. प्रत्येक शब्द मोजला की त्याची नोंद एका फाईलमध्ये करायची, असं मी लिहिलं होतं. दोघांसाठी फाईल एकच. एक लिहीत असला की दुसरा हातातलं काम टाकून दाराशी उभा, मग उलट. चौदा मिनिटांतली बरीचशी त्या उभं राहण्यात गेली होती. धाकटा धडधाकट होता. वाट मी लावली होती.

त्यानंतर कितीतरी दिवस मी परीक्षा विभागाकडचा जिना टाळून लांबून जात असे. शेवटी दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोन झेंडू घेऊन त्या विभागाच्या खिडकीशी गेलो. काका हॉलतिकिटांवर शिक्के मारत होते.

"काय रे झिला, हय खंय?"

मी सगळं सांगितलं. फाईलचं, दाराशी उभं राहण्याचं. ते शिक्के मारत राहिले.

"माका म्हायत होता," ते म्हणाले.

"मग काका, कमिटीसमोर बोलला का नाहीत?"

"अरे, तू बोलत होतंस ना! तीन वर्सांत पयल्यांदा तुझो आवाज आयकलंय. मधीच कसो तोडू?"

मी खिडकीतून झेंडू आत सरकवले. काकांनी एक शिक्क्यावर ठेवला. दुसरा थोडा वेळ हातात धरला, मग मला परत दिला.

"ह्यो तुझ्या लॅपटॉपवर ठेव. त्यात हल्ली आठ-आठ भाऊ असतात म्हणे." मग जरा विचार करून म्हणाले, "एकात भागेल ना रे त्यांचं?"