एकाच भाकरीचं पीठ

काल अमरावतीत नातसुनेची भाकर थापता थापता परातीतच फाटली. सगळे हसले. मला मात्र फार जुनी एक भाकर आठवली.

इंग्रजांच्या अमलात आमचे हे अकोल्याजवळच्या सरकारी शेतावर कामाला होते. पांढऱ्या, टपोऱ्या दाण्याची ज्वारी त्यांनी वर्षानुवर्षं एकेक कणीस निवडून तयार केली होती. एके दिवशी तिथला गोरा साहेब तिची भाकर चाखायला आमच्या ओसरीवर येऊन बसला. बियाणं राखून उरलेल्या दाण्यांत एकच भाकर होणार होती.

"फाटली तं साहेब हे वाणच काढून टाकीन," हे चुलीपाशी येऊन कुजबुजले.

उकळत्या पाण्यात भिजलेल्या पिठाचा गोडसर वास आला. थापताना कडेला बारीक चीर पडली. ओल्या बोटानं ती दाबून मी भाकर तव्यावर टाकली. भाकर टम्म फुगली. साहेबानं ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

तो गेल्यावर हे माझ्या पिठाच्या हातांवर पाणी घालायला आले. त्यांच्या हातातला तांब्या परातीच्या काठावर खडखड वाजत राहिला, पाणी सगळं जमिनीवर सांडलं.

तेव्हा मी त्यांना हसले होते, काल सगळे नातसुनेला हसले तशीच.